धाविकाच्या माळावर एक झाड

चंद्रपूरला जाऊन आले असं सांगितलं की नाशिकमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "दिसला का?" कोण, ते विचारायचं नसतं. मी "दिसला" म्हणते. समोरच्याचे डोळे विस्फारतात. मग मी सांगते, "वीतभर उंचीचा होता. माळावर पळत होता." त्यावर समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो आणि त्याला अचानक दूध आणायची आठवण होते. तोंडी सांगून काही उपयोग नाही असं लक्षात आल्यावर हे लिहायला घेतलं.

मी दातांची डॉक्टर. माणसाला तोंड उघडायला लावून गप्प बसवणं हा माझा धंदा. पण आमच्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष अप्पा यांच्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. अप्पा वाणिज्य महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य. त्यांना दोन छंद आहेत, भाषण आणि वृक्षारोपण, आणि शक्यतो ते दोन्ही एकाच जागी उरकतात. मंडळाच्या प्रत्येक सहलीला ते रोपं घेऊन येतात. या वेळी सहलीला आम्ही दोघंच होतो, आणि वडाचं एक रोप नाशिकपासून त्यांच्या मांडीवर बसून आलं, अगदी तिकीट काढल्यासारखं. अप्पांच्या हातचं एकही झाड जगलेलं मी पाहिलेलं नाही. अप्पांनीही पाहिलेलं नसावं, कारण लावलेल्या झाडाकडे परत जायची आमच्या मंडळात पद्धत नाही.

आम्हाला बघायचा होता धाविक. उघड्या, कोरड्या, दगडाळ माळावर राहणारा हा पक्षी झाडावर बसत नाही. चार पावलं धावतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. नुसता उभा राहिला की मातीत विरून जातो. त्याची खूण अशी: डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यावर पांढरी भुवई आणि तिच्याखाली काळी रेघ. त्याच माळावर माळटिटवीही असते. तिची टोपी काळी आणि चोचीच्या बुडाशी पिवळा पडदा. पुस्तकात हे दोघे समोरासमोरच्या पानांवर अगदी वेगळे दिसतात. जूनच्या उन्हात, डोळ्यांपुढे हवा थरथरत असताना, त्यांच्यात आणि दगडात काय फरक आहे तेही कळत नाही. त्या बाबतीत आम्ही काय दिवे लावले ते आता येतंच आहे.

चंद्रपूर

हॉटेलच्या दारावर वाघ, भिंतीवर वाघ, किल्लीच्या बिल्ल्यावर वाघ. टॉवेलवरही वाघ होता, त्यामुळे अप्पांनी तोंड पुसायला स्वतःचा पंचा काढला. सकाळी गाडी घेऊन मारोती आला. उंच, सावळा, वय पस्तिशीचं, वाघाच्या फेऱ्यांवर घर चालवणारा माणूस.

"कोणत्या गेटनं जायचं जी?" त्यानं विचारलं.

अप्पांनी त्याला धाविक समजावून सांगितला. बराच वेळ सांगितला. मारोतीनं सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे वाघ नाई पाहाचा?"

"नाही."

"मंग इतक्या उन्हाचे कशाले आले जी? पाखरं त तुमच्याकडंबी असतीन."

अप्पांनी भूक लागल्याचं जाहीर केलं आणि आम्ही नाश्त्याला गेलो. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. आमच्या नाशकात मिसळीचा केवढा अभिमान! पण पोह्यांवर रस्सा सांडणं हा आमच्याकडे अपघात समजतात. पहिल्या घासाला मला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्यानंतर मी आणखी तर्री मागितली. अप्पांनी सुके पोहे मागवले आणि आयुष्यभर सुकेच खाल्ल्यासारखा चेहरा करून खाल्ले.

निघताना मारोतीनं आम्हा दोघांच्या हातात एकेक कांदा ठेवला. "खिशात राहू द्या. ऊन नाई लागत." अप्पा म्हणाले, याला शास्त्रीय आधार नाही. दुपारी त्यांनी खिसा तीनदा चाचपून कांदा आहे ना याची खात्री केली. पेट्रोल पंपावर दुसऱ्या एका ड्रायव्हरनं आमच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं तेव्हा मारोती खालच्या आवाजात म्हणाला, "सर्वेवाले हायेत." पाखरं बघणारे म्हणून ओळख करून द्यायची त्याला लाज वाटली असावी. ही ओळख पुढे आम्हाला महागात पडणार होती.

मूल

पहिल्या दिवशी मूल या गावी जायचं अप्पांनी ठरवलं, कारण तिथे त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका गृहस्थांची राइस मिल आहे. मूल हा धानाचा मुलूख. मी म्हटलं, धाविकाला भातखाचरं आवडत नाहीत. अप्पा म्हणाले, "कापणी झाली की मोकळी जमीन ती मोकळीच जमीन." प्राचार्यांच्या वाक्याला असा एक गोलाईचा घाट असतो, त्यात शिरायला जागा सापडत नाही.

आणि शेतात, बांधापलीकडे, तो उभा होता! मातकट, गोलसर, अगदी निश्चल. अप्पांनी दुर्बीण तिपाईवर चढवली.

"माळटिटवी," अप्पा म्हणाले.

"धाविक," मी म्हटलं. "भुवई दिसत्येय."

"भुवई नाही ती. पडद्याची कड आहे."

आम्ही घाम पुसत, आळीपाळीनं डोळा लावत भांडत राहिलो. अप्पांना पिवळे पायसुद्धा दिसले. मी त्याला मान वळवताना पाहिलं, हे आजही शपथेवर सांगेन. तेवढ्यात एक शेळी आली आणि त्या पक्ष्यावर पाय देऊन पुढे गेली. पक्षी फुटला. त्याचे ढेकळाचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले.

मारोती गाडीच्या सावलीत उभा राहून हे बघत होता. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. वाघ दाखवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाची निराशा सांभाळायची सवय असते.

मिलवाल्यांच्या घरी दुपारी गोळाभात होता. मोकळा भात, त्यात बेसनाचे तिखट गोळे आणि वरून मोहरीची कडकडीत फोडणी. घरच्या वहिनी पळीनं तेल घालत होत्या, मी हात आडवा धरत होते. "घ्या जी, कोरडा भात घशात अडकते," असं म्हणून त्यांनी माझ्या बोटांच्या फटीतून पळी रिकामी केली. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तुपाचा करतात आणि चमचा लहान निवडतात. इथे तशी लबाडी नाही. जेवणानंतर अप्पांनी मिलवाल्यांना त्या पक्ष्याबद्दल सांगितलं. फुटला, हे सांगितलं नाही.

कोरपना

दुसऱ्या दिवशी कोरपन्याकडे निघालो. इकडे धान संपतं आणि कापसाची काळी रानं सुरू होतात. नांगरून तयार, पावसाची वाट बघत पडलेली. दूर सिमेंटच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्या दोहोंच्या मधल्या एका गावाबाहेर मला हवा तसा माळ दिसला: उघडा, मुरमाड, गवताची काडी नाही, तीळ टाकला तर तडतडेल असा. मी गाडी थांबवली. आम्ही तिपाई रोवली.

पाच मिनिटांत गाव जमा झालं. कुणी मोटारसायकलवर, कुणी शेळ्यांसकट. सगळ्यांच्या पुढे एक ठसठशीत बाई होत्या, डोक्यावर पदर आणि हातात मोठा फोन. त्या सरपंच, सुनंदाबाई.

"सर्वे करून राह्यले का जी?" त्यांनी विचारलं.

"छे छे, आम्ही पक्षी बघतोय," अप्पा म्हणाले.

"तुमचा डायवर त सर्वे म्हणून राह्यला."

मारोती चिमण्यांकडे बघू लागला.

"पाहा साहेब," सुनंदाबाई म्हणाल्या, "दुर्बीण लावून दगड पाहणारा माणूस आमच्याकडं एकाच कामाले येते. चुनखडीच्या. कोणाले जमीन द्याची हाय, कोणाले नाई द्याची. तुम्ही सरळ सांगून टाका, म्हणजे आमी त्या हिशोबानं चहा ठेवतो."

गर्दीतले निम्मे लोक आशेनं बघत होते आणि निम्मे रागानं. मी घाईघाईनं तिपाई मिटू लागले. अप्पा मात्र गडबडले नाहीत. त्यांनी गाडीतून वडाचं रोप काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. "आम्ही झाडं लावणारी माणसं आहोत!"

काय सांगावं, एका क्षणात वातावरण निवळलं. खाण काढणारा रोप घेऊन हिंडत नाही, हे सगळ्यांना पटलं. (कारखान्यांच्या कुंपणालगतही रोपांच्या रांगा होत्या, पण ते मी मनातच ठेवलं.) सुनंदाबाईंचा चेहरा उजळला. "मंग त देवच पावला! उद्या पर्यावरण दिन. आमचा इथीच वृक्षारोपणाचा कार्यक्रम हाय. पाहुणे यायचे होते, त्यांचा फोनच लागून नाई राह्यला. तुमीच पाहुणे व्हा."

अप्पांनी विचार करायला म्हणून डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड भाषणाचा पहिला परिच्छेद तयार झालेला मला दिसला.

ऊन कलल्यावर आम्ही पुन्हा माळावर गेलो. दुसऱ्या दिवसाची तयारी झाली होती. खड्ड्यांच्या जागी चुन्याची पांढरी वर्तुळं काढलेली आणि त्यांच्या आसपास गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या वर्षीच्या लोखंडी पाट्या. अमुक माननीयांच्या शुभहस्ते, तमुक माननीयांच्या शुभहस्ते. पाट्यांचं चांगलं बन झालं होतं. झाड एकही नव्हतं.

आणि त्या पाट्यांमधून काहीतरी धावलं. थांबलं. वाकलं. पुन्हा धावलं.

"माळटिटवी," अप्पा सवयीनं म्हणाले.

मी बोलले नाही. आदल्या दिवशीचं ढेकूळ मला आठवत होतं. दुर्बिणीला डोळा लावून मी थेट तोंडच बघितलं, दुसरं मला काय येतं? चोच काळी, किंचित वाकडी. पिवळा पडदा नाही. मग त्यानं मान वळवली आणि मावळतीचं ऊन टोपीवर पडलं. विटकरी टोपी. तिच्याखाली पांढरी भुवई, भुवईखाली काळी रेघ, दोन्ही मागे जाऊन मानेवर मिळालेल्या. इतक्या रेखीवपणे काढलेला चेहरा, आणि तो बघायला या माळावर कोणी नाही.

मी दुर्बीण अप्पांकडे सरकवली. ते बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "धाविक," एवढंच म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी मारोतीला बोलावलं, "ये, तूही बघ." तो आपला सरळ माळावरून चालत निघाला. पक्षी जिथे होता तिथून पळाला आणि मारोती त्या जागी जाऊन उभा राहिला. "इथी त काई नाई जी."

"हलू नकोस!" दुर्बिणीला डोळा लावलेली मी ओरडले.

त्याच्या चपलेशेजारी दोन अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही, जमिनीत जरासा खळगा. अंडी मुरमाच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. आणि त्या खळग्याभोवती चुन्याचं पांढरं, गोल, सुबक वर्तुळ. आखणाऱ्याला अंडी दिसलीच नव्हती. अगदी मधोमध दांडा रोवून काढावं तसं वर्तुळ होतं. उद्या तिथे खड्डा होणार होता आणि तो अप्पांच्या हस्ते होणार होता.

आम्ही बाजूला झालो. पक्षी धावत, थांबत, आमच्याकडे बघत परत आला आणि खळग्यात बसला. बसला तसा नाहीसा झाला.

"अंडी जरा दोन हात सरकवून ठेवली तर?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, दाढ आहे का ती?" मी इतक्या जोरात म्हणाले की मारोती दचकला. "सरकवली की ती गेलीच. हा पक्षी उघड्या माळाचा आहे. त्याला झाड नको, सावली नको, तुमचं भाषण नको. आपण त्याला बघायला साडेआठशे मैलांची हौस करून आलो, आणि उद्या त्याच्याच घरात खड्डा खणणार!" मैल मी रागात ठोकून दिले, पण मला खरंच रडू येत होतं.

अप्पांनी त्या पांढऱ्या वर्तुळाकडे बघितलं. हातातली टोपी त्यांनी अजून डोक्यावर घातली नव्हती.

आम्ही गावात गेलो तेव्हा सुनंदाबाई अंगणात वाळवणाच्या वड्या गोळा करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "जागा बदलता येत नाई जी, सारी गोलं तिथीच एकमेकाले लागून हायेत. बाकी सारा खडक हाय, कुदळ चालत नाई. दरसाली त्याच खड्ड्यात लावतो ना आमी!"

"मग कार्यक्रमच रद्द करा," मी म्हटलं.

"फोटो वर पाठवा लागते, मॅडम. जागेसकट. नाई पाठवला त मलेच जाब विचारतीन." त्यांनी दोनचार वड्या सुपात टाकल्या, आणि मग त्यांचा हात थांबला. "असं करू. एकबी खड्डा नाई खणाचा. नुसती पाटी लावू. साहेबानं रोप धरून उभं राहाचं, फोटो काढाचा, टाळ्या. झालं झाड."

"आणि कुणी तपासायला आलं तर?" अप्पांनी विचारलं. माणूस शेवटी वाणिज्याचा.

सुनंदाबाई मनापासून हसल्या. "कोण येते जी? इतक्या सालात कोणी आलं का? मी सांगतो तुमाले, त्या पाखरासाठी साऱ्या तालुक्यात याच्यापेक्षा बेस जागा नाई. एकदा झाड लावलं का तिकडं कोणी फिरकत नाई."

आमच्या मंडळाची आजवरची सगळी झाडं माझ्या डोळ्यांपुढून गेली. अप्पांच्याही गेली असावीत, कारण ते खाली बघत होते. रोप मात्र फुकट घालवायचं नाही असं सुनंदाबाईंनी बजावलं. ते बोरिंगजवळ लावायचं, धुण्याचं पाणी जातं तिथे.

पर्यावरण दिन

सकाळी लवकर मारोतीनं वर्तुळाबाहेर लांबून बाभळीच्या काट्यांचं कडं घातलं, पक्ष्याला यायजायला एका बाजूला मोकळी वाट ठेवून. शेळ्या येऊ नयेत म्हणून रोपांना घालतात तसंच, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पाटीवर अप्पांचं नाव रंगवलेलं होतं. माझं गाडं अडलं ते एकाच गोष्टीवर. लोक जमले की पक्षी उठणार. आणि या उन्हात अंडी उघडी राहिली तर उकडून निघणार. हे पाखरू दुपारी अंड्यांवर बसतही नाही, उभं राहून त्यांच्यावर स्वतःची सावली धरतं. त्या अख्ख्या माळावर सावली होती ती तेवढीच.

म्हणजे सगळं अप्पांच्या भाषणाच्या लांबीवर आलं. अप्पांचं वृक्षारोपणाचं भाषण मी अनेकदा ऐकलेलं आहे. ते संतांपासून सुरू होतं, वेदांत जातं, तिथून ऑक्सिजनवर येतं आणि ऑक्सिजनवरून निघता निघत नाही.

गाव जमलं. पक्षी उठला आणि शेवटच्या पाटीशी जाऊन उभा राहिला. सुनंदाबाईंनी शाल दिली, श्रीफळ दिलं. रोप हातात घेऊन फोटो झाला. टाळ्या झाल्या. ऊन चढत होतं. माइक अप्पांच्या हातात आला आणि मी डोळे मिटून घेतले.

"सन्माननीय सरपंच, आणि उपस्थित बंधुभगिनींनो. आपल्या संतांनी..."

आणि शांतता. मी डोळे उघडले. अप्पा समोरच्या लोकांकडे बघतच नव्हते. ते लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे, शेवटच्या पाटीकडे बघत होते. पक्षी चार पावलं पुढे यायचा, गर्दी बघून थांबायचा, मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. चोच उघडी होती त्याची, उन्हानं.

"आपल्या संतांनी," अप्पा म्हणाले, "जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहेच. चला, ऊन फार झालं. जय हिंद!"

त्यांनी माइक सुनंदाबाईंच्या हातात कोंबला, शाल खांद्यावरून ओढून काखेत मारली आणि झपाझप गावाकडे चालू लागले. पाहुणाच निघाला म्हटल्यावर सगळं गाव मागून निघालं. मारोती माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेबाची तब्येत बरी हाय ना जी? कांदा हाय ना खिशात?"

मी गाडीशी थांबून दुर्बीण लावली. माळ रिकामा झाला तसा पक्षी धावत आला, काट्यांच्या मोकळ्या वाटेनं आत शिरला आणि अप्पांच्या नावाच्या पाटीखाली पाय फाकून उभा राहिला. अंड्यांवर त्याची सावली पडली. मला त्या वेळी पक्ष्याचं कौतुक वाटलंच, पण खरं सांगायचं तर अप्पांचं जास्त वाटलं. भाषण गिळलेल्या अप्पांना मी प्रथमच बघत होते. ते किती दुखतं याची मला धंद्यामुळे कल्पना आहे.

शाळेत सगळ्यांना पोहे होते. अप्पांनी या वेळी तर्री घेतली.

नाशिक

परत आल्यावर काही आठवड्यांनी मंडळाची बैठक होती. अध्यक्षांनी सहलीचा वृत्तांत सांगायचा असतो. बैठकीआधी अप्पा माझ्या दवाखान्यात आले, खुर्चीत बसले, पण तोंड न उघडता फोन काढला आणि सुनंदाबाईंना लावला. आवाज मलाही ऐकू येईल असा मोठा केला.

"सरपंचबाई, आमचं झाड कसं आहे?"

"कोणतं जी? बोरिंगजवळचं का पाटीवालं?"

अप्पा जरा अडखळले. "पाटीवालं."

"ते?" पलीकडून सुनंदाबाईंचं हसू आलं. "ते पळालं जी! मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. इतकुशी दोन पिलं मागं घेऊन पाट्यापाट्यातून पळत गेलं."

अप्पांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे जगलं."

त्यांच्या हातचं जगलेलं हे पहिलंच झाड.